प्याद्याची पहिली दोन घरे

बुद्धिबळाच्या पटाशी मूल प्रथमच बसते, तेव्हा त्याला मोहऱ्यांच्या चाली सांगण्यास फार वेळ लागत नाही. राजा कोणत्याही दिशेस एक घर. हत्ती सरळ, उंट तिरपा, आणि वजीर ह्या दोघांच्याही वाटांनी हवा तितका दूर. घोडा अडीच घरे. येथपर्यंत मूल मुकाट्याने ऐकते. अडते ते प्याद्यापाशी. प्यादे चालते सरळ, मारते मात्र तिरपे. एरवी एकच घर पुढे सरकते, पण पहिल्या चालीला त्याला दोन घरे जाण्याची मुभा. “पहिल्याच चालीला का?” असे कोणी चौकस मूल विचारते आणि शिकवणारे वडीलधारे माणूस “नियमच तसा आहे” असे म्हणून पुढच्या मोहऱ्याकडे वळते.

हे उत्तर खोटे नाही; पण ते फार थोडे सांगते. त्याच घरात दीड-दोनशे वर्षांपूर्वी जी माणसे सोप्यात पट मांडून बसत, त्यांना हा नियम ठाऊक नव्हता. त्यांचे प्यादे पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकेकच पाऊल टाकीत जाई. खेळ हिंदुस्थानातला, पण प्याद्याची ही दोन घरे हिंदुस्थानातली नव्हेत. ती परदेशातून आली, आणि ज्या देशाने जगाला हा खेळ दिला त्या देशाला आपल्याच खेळाचे नियम पुन्हा नव्याने शिकावे लागले.

चतुरंगाचा सर्वात जुना निःसंदिग्ध उल्लेख म्हणून सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’कडे बोट दाखविले जाते. हर्षाच्या राज्यात चतुरंगाची मांडणी शिकावयाची ती अष्टापदाच्या पटावरच, अशा अर्थाचा श्लेष बाणाने केला आहे. अष्टापद म्हणजे आठ आडव्या व आठ उभ्या ओळींचा चौसष्ट घरांचा पट. हत्ती, घोडे, रथ व पदाति ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने आपल्या ‘काव्यालंकारा’त पटाच्या घरांत अक्षरे भरून असे श्लोक रचले, की ते ओळीने वाचावेत किंवा घोड्याच्या चालीने वाचावेत, श्लोक तोच निघावा. कवीची ही कसरत काव्य म्हणून थोडी कोरडीच वाटते. पण त्या काळी घोडा आजच्यासारखाच चालत होता, ह्याचा असा भक्कम पुरावा दुसऱ्या कोणी ठेवला नाही.

हत्तीची गोष्ट मात्र निराळी. इसवी सनाच्या अकराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या अल्-बिरुनीने हत्तीची चाल लिहून ठेवली आहे. हत्ती सरळ पुढे एक घर जातो, किंवा चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यात एक घर. एक सोंड आणि चार पाय अशी ही पाच घरे होत. रुद्रटाच्या श्लोकांतूनही हत्तीची हीच चाल निघते. परंतु त्याच नवव्या शतकातील अल्-अदली हा अरब ग्रंथकार हिंदी खेळात हत्ती पटाच्या कोपऱ्यात असतो आणि सरळ रेषेत दोन घरे उडी मारतो असे सांगतो. स्वतः अरबांच्या खेळात तोच हत्ती तिरपी दोन घरे उडत असे. एका मोहऱ्याच्या तीन चाली! ह्यावरून एक गोष्ट उघड होते. ज्यांना आपण ‘मूळचे हिंदी नियम’ म्हणतो ते कधीच एक नव्हते. नदीगणिक भाषा बदलावी तसा पट बदलत होता, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

दख्खनचाही ह्या इतिहासात वाटा आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ हा राजाच्या कर्तव्यांचा व करमणुकींचा कोशच सिद्ध केला. त्यात चतुरंगाचे वर्णन आहे. पुढे सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. हे घराणे मूळचे पैठणचे. व्यवहारमयूखामुळे नीलकंठांचे नाव इंग्रजी अमदानीतील न्यायालयांतही गाजले; पण त्यांच्या नीतिमयूखात बुद्धिबळाच्या खेळाची रीत आहे, हे वकिलांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल. धर्मशास्त्राच्या ग्रंथात खेळाचे नियम कशाला, असे आजच्या वाचकास वाटेल. नीलकंठांना तसे वाटले नाही. राजाने जे जाणावयाचे त्यात सेनेची मांडणी येते, आणि पटावरची सेना ही तिचीच धाकटी बहीण.

दरम्यान खेळ केव्हाच सीमेपार गेला होता. सहाव्या शतकाच्या सुमारास तो इराणात पोचला. चतुरंगाचे चत्रंग झाले आणि अरबांच्या तोंडी शतरंज. मुसलमानी राजवटींबरोबर तो परत आला तेव्हा त्याच्या अंगावर फारसी वस्त्रे होती. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की ते परके वाटत नाहीत. आणि ‘प्यादे’ तर खरोखरच परका नव्हे, कारण संस्कृत ‘पदाति’ आणि फारसी ‘पियादा’ ह्या दोहोंच्या मुळाशी पायच आहे. मराठीने खेळाला मात्र स्वतःचे नाव दिले, ‘बुद्धिबळ’. ह्या पहिल्या परतीच्या वेळी नियमांचा तंटा झालेला दिसत नाही. इराणी वजीरही सावकाश चालणारा, तिरपा एकच घर जाणारा होता. दोन्हीकडे खेळाची गती एकच होती, ती म्हणजे बैलगाडीची.

गती बदलली ती युरोपात. अरबांकडून खेळ स्पेन व इटलीमध्ये गेला, आणि तेथील खेळाडूंना दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडेपर्यंत लागणारा वेळ असह्य होऊ लागला. कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो ह्याच्या आज्ञेवरून 1283 साली पुरा झालेल्या खेळांच्या ग्रंथात प्याद्याला पहिल्या चालीस दोन घरे जाऊ देण्याची प्रथा नोंदलेली आहे. मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच. ती दोन घरे म्हणजे अधीर झालेल्या खेळाडूंनी काढलेली आडवाट होय. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमध्येच त्याहून मोठी उलथापालथ झाली. एक घर चालणाऱ्या वजिराच्या जागी तेथे आधीच राणी आली होती. आता तिला हत्ती व उंट ह्या दोघांचे मिळून बळ मिळाले, आणि उंटालाही सबंध कर्ण मोकळा झाला. 1497 साली सालामांका येथे छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात जुन्या व नव्या अशा दोन्ही रीतींचे डाव आहेत. म्हणजे लोक अजून निवड करीत होते.

एक नियम बदलला की तो एकटा राहत नाही. प्यादे दोन घरे उडू लागताच, समोरच्या प्याद्याच्या माऱ्यातून ते निसटू लागले. म्हणून निसटत्या प्याद्याला, जणू ते एकच घर गेले आहे असे धरून, लगेच पुढच्या चालीस मारण्याचा नियम करावा लागला. नवशिक्यांना सर्वात चमत्कारिक वाटणारा नियम तो हाच. पण दोन घरांची मुभा डोळ्यापुढे ठेवली, तर तो न्यायाचाच वाटतो. राणी सबंध पट ओलांडू लागली, तेव्हा मध्यभागी उभा असलेला राजा उघडा पडला. त्याला लपविण्यासाठी हत्तीच्या आड नेण्याची चाल, म्हणजे किल्लेकोट, हळूहळू आकाराला आली. येथे एक गंमत आहे. हिंदी खेळातही राजाला डावात एकदा, शह बसण्यापूर्वी, घोड्यासारखी उडी मारण्याची सवलत होती. गरज तीच, उपाय निराळा.

आणि युरोपचे घर तरी एकजिनसी होते काय? इटलीत निसटत्या प्याद्याला मारण्याचा नियम सुमारे 1880 पर्यंत मान्य नव्हता, आणि किल्लेकोटाचे तेथील प्रकार निराळे होते. इंग्लंडमध्ये, राजाला शह नाही पण हलावयास घरही नाही अशी कोंडी झाली तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, कोंडी करणाराच हरला असे धरीत. आज ती बरोबरी मानतात. तेव्हा ‘युरोपीय रीत’ म्हणून जी येथे आली ती फार जुनी किंवा फार पक्की वस्तू होती अशी समजूत करून घेऊ नये.

ती आली त्या काळाची एक खूण मुंबईत सापडते. 1814 साली मुंबईत बुद्धिबळावरचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृत ग्रंथाचे नाव ‘विलासमणिमंजरी’. पुस्तकात मुख्यतः डावातील बिकट प्रसंग आहेत, अमुक चालींत मात करून दाखवा अशा धर्तीचे. आणि ते युरोपीय खेळाच्या पद्धतीस जुळवून घेतले असल्याचे मुखपृष्ठावरच नमूद केले आहे. एका शास्त्रीबुवांनी आपल्या परंपरेतील कूटे परकीयांना सोडविता यावीत म्हणून त्यांच्या नियमांत बसवून द्यावीत, ही घटना लहान असली तरी अर्थपूर्ण आहे. अद्याप पेशवाई बुडालेली नव्हती. पटावरील तह मात्र सुरू झाला होता. त्यानंतर 1829 साली मद्रासमध्ये घुलाम कासिम ह्यांनी एका इंग्रज सहकाऱ्यासह युरोपीय खेळातील एका आरंभावर पुस्तक प्रसिद्ध केले. येथे तर परकी रीत नुसती स्वीकारलेली नाही, तिच्यावर अधिकारवाणीने लिहिलेले आहे.

त्या वेळच्या देशी खेळाची रीत थोडी तपशिलाने पाहणे इष्ट होईल. दोन्ही राजे समोरासमोर नसत. राजापुढे समोरचा वजीर उभा राही. प्यादे एकेक घर चाले. ते शेवटच्या घरी पोचले म्हणजे त्या घराचे जे मोहरे तेच त्याला होता येई; घोड्याच्या घरी पोचले तर घोडा, उंटाच्या घरी पोचले तर उंट. हवा तेव्हा वजीर मागण्याची सोय नव्हती. कित्येक ठिकाणी तर ते मोहरे आधी मारले गेलेले असले पाहिजे अशी अट असे. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर पूर्ण जय मानीत नसत. आरंभी दोघांनी ठरवून चार किंवा आठ चाली एकदमच करून घ्याव्यात, फक्त पटाची मध्यरेषा ओलांडू नये, अशीही चाल होती. युरोपीयांना जी अधीरता नवीन नियम करून शमवावी लागली, ती येथे खेळाडूंनी आपसांतील समजुतीने शमविली होती. ह्यात निकृष्ट काही नाही. उलट, प्यादे कोणत्या घरी न्यावयाचे ह्याचा विचार वीस चाली आधी करावा लागणाऱ्या ह्या खेळात शेवटचा भाग अधिक सूक्ष्म होता असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या सवयींचे काय झाले, हे कलकत्त्यात दिसून आले. तेथे जॉन कॉक्रन हे नामांकित बॅरिस्टर व खेळाडू राहत. 1848 साली क्लबच्या एका सभासदाला मुफसलात महेशचंद्र बंद्योपाध्याय नावाचे एक गृहस्थ भेटले. ते देशी रीतीने खेळण्यात वाकबगार होते. पुढील वर्षांत कॉक्रन व महेशचंद्र ह्यांच्यात अनेक डाव झाले, आणि कॉक्रनांनी ते टिपून ठेवले म्हणून आज उपलब्ध आहेत. महेशचंद्रांनी नवे नियम आत्मसात केले. पण त्यांचा हात जुन्याच वळणाने चाले. दोन घरे जाण्याची मुभा असतानाही ते घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवीत, त्या जागी उंट आणून त्याला लांब कर्णावर बसवीत, आणि प्रतिपक्षाला मध्यभाग खुशाल व्यापू देत. मग त्यावर दुरून मारा करीत. त्या काळच्या युरोपीय टीकाकारांना हे अडाणीपणाचे वाटणे साहजिक होते. 1855 साली महेशचंद्रांनी खेळलेला एक आरंभ पुढे 1922 मध्ये व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डने पुन्हा खेळला आणि त्याला ग्रुनफेल्डचे नाव मिळाले. त्याच सुमारास युरोपातील नव्या पिढीने ह्या सर्व पद्धतीस ‘इंडियन’ बचाव असे नाव रूढ केले. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या ‘किंग्ज इंडियन’ बचावात एका लुप्त नियमाची सावली आहे, प्याद्याच्या एका पावलाची.

परंतु दोन नियमांच्या उंबरठ्यावर उभा राहिलेला सर्वात मोठा खेळाडू म्हणजे मीर सुलतान खान. जन्म 1903 चा, गाव पंजाबातील मिठा टिवाणा. वडिलांकडून त्यांनी लहानपणी देशी बुद्धिबळ घेतले आणि ऐन विशीत पंजाबात त्यांचा हात धरणारा कोणी उरला नाही. तेथील जमीनदार सर उमर हयात खान ह्यांनी त्यांना आपल्या आश्रयास घेतले व युरोपीय नियम शिकविण्याची व्यवस्था केली. 1928 साली अखिल भारतीय स्पर्धेत नऊ डावांपैकी आठ जिंकून व एक बरोबरीत सोडवून ते विजयी झाले. 1929 च्या वसंत ऋतूत सर उमर त्यांना लंडनला घेऊन गेले.

तेथे त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरविण्यात आली आणि तीत ते तळाशी राहिले. आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते. युरोपीय खेळाडू डावाच्या पहिल्या दहा-बारा चाली पुस्तकांतून शिकत. सुलतान खान ज्या खेळात वाढले त्यात त्या चालींना तेवढे महत्त्वच नव्हते, कारण सैन्ये सावकाश सज्ज होत. विंटर व येट्स ह्या इंग्रज खेळाडूंनी त्यांच्याबरोबर सराव केला, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ते ब्रिटिश साम्राज्याचे विजेते झाले. 1932 व 1933 मध्ये त्यांनी ते पद पुन्हा मिळविले. हेस्टिंग्ज येथील 1930–31 च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका ह्याला हरविले. कापाब्लांका हा शेवटच्या भागातील अलौकिक कौशल्याबद्दल प्रसिद्ध. आणि सुलतान खानांनी त्याला हळूहळू आवळीत पासष्ट चालींत शरण आणले. 1930, 1931 आणि 1933 च्या ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर बसले. आरंभी कच्चे आणि अखेरीस अजिंक्य, हा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या घडणीतील देशी भाग कोणता, हे ह्यावरून निराळे सांगावयास नको.

युरोपीय वर्तमानपत्रांनी त्यांचे चित्र ‘निरक्षर हिंदी नोकर’ असे रंगविले. त्यांच्या वंशजांनी ह्या चित्राला हरकत घेतली आहे, आणि ती घ्यावयास हवीच होती. नव्या नियमांतील अज्ञान म्हणजे विद्येचा अभाव नव्हे. इंग्लंडची थंड हवा त्यांना मानवली नाही, आजारपणे होत राहिली. 1933 च्या अखेरीस ते मायदेशी परतले. 1935 मध्ये व्ही. के. खाडिलकर ह्यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. नऊ डाव सुलतान खानांनी जिंकले, आणि एक बरोबरीत राखला एवढेच खाडिलकरांच्या पदरी पडले. पुढे ते शेतीवाडीत रमले व 1966 साली पाकिस्तानात वारले. जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर म्हटले ते 2024 साली. पाच वर्षांच्या कारकिर्दीची दखल घेण्यास नव्वद वर्षे लागली.

देशातील शिक्षण मात्र तोवर पुरे होत आले होते. 1951 साली अखिल भारतीय बुद्धिबळ संघटना स्थापन झाली. 1955 मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. 1961 मध्ये मॅन्युएल ॲरन हे आंतरराष्ट्रीय मास्टर झालेले पहिले भारतीय. तरीही खेड्यापाड्यांतून आणि जुन्या पेठांतून देशी रीत टिकून होतीच. अनोळखी माणसाबरोबर बसताना डावाआधी “तुमच्याकडे प्यादे कसे बनते?” असे विचारून घेणे हा शिष्टाचार होता. सत्यजित राय ह्यांनी 1977 साली प्रेमचंदांच्या कथेवरून काढलेल्या चित्रपटात 1856 च्या लखनौचे दोन सरदार अखेरीस इंग्रजी रीतीने डाव मांडतात. राज्य कंपनीच्या हाती जात असताना पटावरचा वजीरही राणीला जागा देतो, ही रायांची योजना मार्मिक आहे. पण ती चित्रपटाची सोय आहे. प्रत्यक्षात लखनौ पडल्यावरही शंभर वर्षे देशी प्यादे एकेक पाऊल चालतच होते.

त्या पावलांबरोबर काय गेले ह्याचा हिशेब करताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नियम एक झाल्यामुळेच नागपूरच्या दिव्या देशमुख 2025 मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकू शकल्या. तेथे डावाआधी कोणालाही काही विचारावे लागले नाही. ज्या खेळाडूला जगाशी खेळावयाचे आहे त्याला जगाचा पट स्वीकारावाच लागतो, आणि महेशचंद्र व सुलतान खान ह्यांनी तो तक्रार न करता स्वीकारला. खेद वाटतो तो एवढाच, की देशी रीतीतील डाव टिपून ठेवणारे कोणी निघाले नाही. कॉक्रनांच्या वहीत आहेत ते नव्या नियमांचे डाव. जुन्या नियमांनी खेळलेले अगणित डाव सोप्यातल्या सतरंजीबरोबरच गुंडाळले गेले.

नावे मात्र कोणाला बदलता आली नाहीत. बंगालमध्ये कोपऱ्यातील मोहरे नौका आहे आणि तिरपे चालणारे गज. केरळात कोपऱ्यात ‘तेर’ म्हणजे रथ, व तिरपा ‘आना’ म्हणजे हत्ती. महाराष्ट्रात हत्ती कोपऱ्यात राहिला आणि तिरपी वाट उंटाला मिळाली. दुकानातून आणलेल्या लाकडी संचात आज कोपऱ्यात युरोपीय किल्ल्याचा बुरूज असतो, आणि उंटाच्या जागी असते ती ख्रिस्ती धर्मगुरूच्या टोपीची खाच पडलेले मोहरे. पाच-सहा वर्षांचे मूल तो बुरूज चिमटीत उचलते, सरळ रेषेत पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेते, आणि म्हणते, “हत्तीने मारला.”